बरं म्हणाली

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवी मुलगी कामाला आली की तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत. बाहेरगावचा कॉल जोडून दिला की लगेच कान काढायचा नाही. इकडचा माणूस बोलला, तिकडचा बोलला, एवढं ऐकायचं आणि मगच बाजूला व्हायचं. काय बोलतात ते ऐकायचं नाही, ते पाप. बोलतात की नाही, तेवढंच. कधी कधी इकडचा माणूस घसा फोडून हॅलो हॅलो करत असे आणि तिकडून नुसती खरखर. अशा लाइनला आम्ही ‘एकतर्फी’ म्हणायचो. बोर्डावरचा दिवा मात्र व्यवस्थित लागलेला असायचा. दिव्याच्या भरवशावर राहिलीस तर फसशील, असं आमच्या मुख्य बाई प्रत्येकीला बजावत.

मी तिथे एकतीस वर्षं होते. त्या इमारतीत आता गालिचे विकतात. मागे एकदा उगाचच आत जाऊन आले. आमचा लांबलचक बोर्ड होता तिथे गालिच्यांच्या गुंडाळ्या उभ्या केल्या आहेत. विकणाऱ्या बाईंनी काय दाखवू विचारलं, तर मी म्हटलं, नुसतं बघतेय. ते काही खोटं नव्हतं. आम्ही बारा जणी खांद्याला खांदा लावून कशा बसायचो, हेडसेटच्या पट्टीनं केसांत कशी खाच पडायची, सुट्टीच्या दिवशी न्हाल्यावरसुद्धा ती कशी जायची नाही, ते सगळं मला तिथे दिसत होतं.

त्या काळी आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला आधीच्या कुणा भाडेकरूनं वाटाण्यासारखा हिरवा रंग फासलेला होता, त्यात उकळलेला चहासुद्धा आजारी दिसे. घरात चार माणसं. हे पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होते. अक्षर इतकं सुरेख की ह्यांनी केलेली दुकानाची यादी फाडून टाकायला जीव होत नसे. ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, शाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या. घरात कुणी आजारी पडलेलं त्यांना खपत नसे, त्या स्वतःसुद्धा. आणि चौथी आमची मुलगी. तिला सगळे टकळी म्हणत, कारण डोळे उघडल्यापासून तिच्या तोंडाची टकळी सुरू. साबण झिजतो तो जातो कुठे? डाव्या पायातला मोजा उजव्यात घातला तर त्याला कळतं का? आत्या, तू लहान असताना तुला कोण रागवायचं?

“तो अजून जन्माला यायचाय,” वन्सं म्हणत.

ती नऊ वर्षांची झाली आणि तिचे प्रश्न कमी होत होत एकावर आले. आई, तू परत येशील ना?

मी साडेनऊला कामाला निघाले की हा प्रश्न. नुसतं येईन म्हणून भागत नसे. ‘येईन गं राणी, सहाला येईन’ असंच म्हणायचं, त्याच सुरात. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पहिल्यापासून. दारात, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, फाटकापाशी. पुढे पुढे हे चाळीस वेळा होऊ लागलं. मग हात धुणं सुरू झालं. आपण हात धुतले नाहीत तर आईला काहीतरी होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली. शाळेनं काही दिवस घरीच ठेवा म्हणून सांगितलं. माझ्या नोकरीमुळे घरी फोन मिळालेला होता, त्यावरून ती दिवसातून पंधरा-वीस वेळा एक्स्चेंजला फोन करी. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण दिवा लागला की न बघताच म्हणायची, “घे गं, तुझा ट्रंक कॉल.” ती हे कौतुकानंच म्हणायची, पण माझ्या नाकी नऊ आले होते.

मुलांच्या मनाचे डॉक्टर तेव्हा शोधावे लागत. वन्सं म्हणाल्या, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊन पोरीच्या कपाळावर शिक्का कशाला मारतेस. हे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं म्हणजे कधी होकार असे, कधी नकार, आणि कधी नुसतंच न बोलणं. मी होकार धरला आणि तिला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई काटकुळ्या होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्या टकळीशी बराच वेळ बोलल्या, मग आमच्याशी. महिनाभर रोज अर्धी गोळी, मानवली तर पुढे पूर्ण. आणि तुमचं काम आता सुरू होतं, म्हणाल्या. गोळी कधी कधी पाहिजे त्याहून जास्त काम करते, ते मला इथे बसून दिसत नाही, तुम्हाला दिसेल. झोप बघा, भूक बघा, हात थरथरतो का, तोंड कोरडं पडतं का, चालते कशी. आणि रोज तिला विचारा कसं वाटतंय, आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत नको.

लिहायचं म्हटल्यावर हे जागे झाले. कचेरीतून नकाशांच्या कागदाची वही शिवून आणली, लाल शाईनं रकाने आखले, वर अशी शीर्षकं घातली की त्या वहीवर पूल बांधता आला असता. तारीख, गोळी, झोप, भूक, हात, तोंड, चालणे. शेवटचा रकाना ‘ती काय म्हणते’. तो सगळ्यांत अरुंद. मी म्हटलं, एवढ्याशा जागेत काय मावणार? तर हे म्हणाले, जागा दिली तर ती कादंबरी सांगेल. ह्यांना विनोद क्वचितच सुचे, म्हणून तो माझ्या लक्षात आहे.

मी सहाला घरी येई. हे चारलाच सुटत. साडेचारला वन्सं टकळीला दूध देत आणि विचारत, हे वही उघडून बसत. मी यायच्या आत त्या दिवसाची ओळ पुरी झालेली असे.

पहिल्या आठवड्यात ती सारखी पेंगायची. वहीत लिहिलंय, ‘झोप येतेय’. मग ‘तोंडात कापूस कोंबलाय’. मग ‘गोळी घशात बसून राहते, तिला सांगा आत जायला’. वन्सं म्हणाल्या, एवढं लिहायची काही गरज नाही. ह्यांनी मात्र बारीक अक्षर करून बसवलं.

दुसऱ्या आठवड्यात हात धुणं कमी झालं. पेरांवर नवी गुलाबी कातडी आली. एक्स्चेंजमधले फोन विसाचे दहा झाले, दहाचे दोन झाले, आणि एक दिवस एकही आला नाही. शेजारची मैत्रीण म्हणाली, “आज टकळी कुठे गेली? मला बाई चुकल्याचुकल्यासारखं होतंय.” मला काही चुकल्यासारखं होत नव्हतं. त्या सकाळी मी जिन्याच्या पहिल्या वळणावर सवयीनं थांबले होते, वर पाहून. वरून काहीच आलं नाही. मी दुसऱ्या वळणावर थांबले, मग फाटकापाशी. मग मी रस्त्यानं चालायला लागले आणि मला कळलं की माझे खांदे किती दिवस कानांपर्यंत वर चढलेले होते.

ते दिवस मला आजही आठवतात ते सुखाचे म्हणूनच, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी हे आणि मी समोरासमोर बसून चहा प्यायचो, आणि कपातला चहा गरम असेपर्यंत संपायचा. रेडिओवरच्या बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू यायच्या. मला झोप लागायची, अशी की सकाळी गालावर उशीची घडी उमटलेली असे. वन्सं तर भेटेल त्याला सांगत, पोर गुणाची झालीय, सांगावं ते ऐकते. वहीच्या शेवटच्या रकान्यात नवव्या दिवशी पहिल्यांदा आलं, ‘बरं’. दहाव्या दिवशी ‘बरं’. अकराव्या दिवसापासून ह्यांनी कचेरीच्या पद्धतीप्रमाणे त्याच्याखाली नुसती दोन टिंबं द्यायला सुरुवात केली, म्हणजे वरीलप्रमाणे. पानभर टिंबंच टिंबं. बघायलासुद्धा किती नीटस.

महिना संपायला दोन दिवस होते. दुपारी बोर्ड थंड होता, कॉल तुरळक. मी घरी फोन लावला, अर्धा तास उशीर होईल हे सांगायला. पूर्वी पाच मिनिटांचा उशीर म्हणजे घरात हाहाकार.

“बरं,” टकळी म्हणाली.

आत्याला सांग बटाटे काढून ठेवायला, मी म्हटलं. बरं. आणि वारा सुटलाय, खिडकी लावून घे. बरं. तिन्ही वेळा तेवढ्याच अंतरानं, एकाच सुरात, जसं काही वेळ सांगणारं यंत्र. मी फोन ठेवणार होते. पण अकरा वर्षं ज्या कानानं काम केलं होतं तो कान निघेना. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, “टकळे, मी आजपासून घरी येणारच नाहीये.”

थोडी खरखर ऐकू आली.

“बरं,” ती म्हणाली.

लाइन जोडायची दोरी माझ्या हातात तशीच राहिली. दिवा लागलेला होता. शेजारच्या मैत्रिणीनं माझं तोंड पाहिलं, तिला वाटलं कुणा गिऱ्हाइकाची लाइन असेल. “एकतर्फी का गं?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

घरी गेले तर टकळी बंद खिडकीसमोर खुर्चीवर बसली होती. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, मस्करी केली गं मी. बरं, म्हणाली. वन्सं आतून कौतुकानं सांगत होत्या, साय दिसली की थयथयाट करणारी पोर, आज सायीसकट दूध गपगुमान प्यायली.

मी लगेच बोलले असं वाचणाऱ्याला वाटेल. मी दोन दिवस गप्प बसले. बोलले तर गोळी थांबेल, आणि गोळी थांबली की तो जिना, ती चाळीस वेळा, ते फाटलेले हात. मला नुकती कुठे झोप लागू लागली होती. आणि मी काय सांगणार होते? वही तर सगळी माझ्या विरुद्ध होती. झोप, ठीक. भूक, ठीक. हात, स्थिर. चालणे, नीट, पडली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी ह्यांना हळूच म्हटलं, हिचं बरं मला वेगळंच वाटतं. ह्यांनी वही उघडली आणि बोट फिरवत म्हणाले, “अगं, रोज तेच तर म्हणतेय ती. बरं.”

“पण बरं वाटतंय म्हणून बरं म्हणते, की नुसतंच बरं म्हणते?”

बांधून झालेला पूल दोन हात उजवीकडे सरकवा असं कुणी सांगितल्यासारखं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी वहीचं आधी तोंडभर कौतुक केलं, अशी वही कुणी आणली नव्हती म्हणाल्या. हे लाजले. मग त्या एकेक रकाना वाचत खाली आल्या. “आणि ती स्वतःच सांगतेय बरं वाटतंय म्हणून. सलग वीस दिवस. छान. मग ठरल्याप्रमाणे उद्यापासून पूर्ण गोळी.” त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली.

“थांबा,” मी म्हटलं. “ते तसलं बरं नाहीये.”

पेन्सिल थांबली. मी सांगायला लागले. वन्सं विचारतात कशी आहेस, तरी बरं. दूध पी म्हटलं, तरी बरं. खिडकी लाव, तरी बरं. आम्ही हुकूम झेलल्याचं बरं लिहून घेतलं आणि बरं वाटल्याचं म्हणून वाचलं. मग फोनवर मी काय म्हणाले तेही सांगितलं. ते सांगताना मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, पण ह्यांची खुर्ची करकरलेली ऐकू आली. टकळी आमच्यामध्ये बसून हे सगळं ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. ती गेली आणि आली. आम्ही महिनाभर पाय बघत होतो, पडत नाही ना म्हणून. चालतानाचे हात कुणी पाहिलेच नव्हते. हँगरला लावलेल्या कोटाच्या बाह्या लोंबाव्यात तसे ते तिच्या अंगालगत लोंबत होते, पुढेमागे होत नव्हते. बाईंनी तिचा कोपर धरून हात हळूहळू वाकवला, उघडला. तो अडकत अडकत वाकत होता. त्यांनी वही मिटली.

“गोळी जास्त होतेय,” त्या म्हणाल्या. “अर्धीसुद्धा. आणि हे बरं मीही तुमच्यासारखंच वाचलं. मला विचारायला हवं होतं.”

मग त्यांनी समजावलं. एकदम बंद करायची नाही, पाव करायची, काही दिवसांनी वेगळी गोळी बघू. हात मोकळे होतील, चेहरा परत येईल. पण भीतीही थोडी परत येईल. किती, ते सांगता येत नाही.

“चालेल?” त्यांनी विचारलं, आणि मला विचारलं, ह्यांना नाही.

बाईंच्या टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता, त्यातल्या बुडबुड्यांकडे मी बघत राहिले. कुणी म्हटलं असतं की ही अशीच राहील, शांत, हात बरे, आणि तुम्हाला रोज झोप, तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मग मी चालेल म्हटलं. टकळीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

परत येताना हे वळणावर थांबून एकदम म्हणाले, “ती वेगळं काही म्हणाली असती तरी मी टिंबंच दिली असती का गं?” मी म्हटलं, नसती दिली. मला तेव्हा तरी तसंच वाटत होतं. वन्सं मात्र घरी दोन दिवस माझ्यावर फुगून होत्या. मिळालेलं चांगलं टिकू देत नाही ही, असं भांड्यांना सांगत होत्या.

टकळीला आता पन्नाशी उलटली आहे. ती अजून गोळी घेते, तिसरी की चौथी वेगळी, आणि फोनवर मला एक शब्द मध्ये बोलू देत नाही. पण तेव्हा पुढचं काही माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही तिघंही घरात असू तेवढा वेळ तिचे हात बघायचो. ती पाणी प्यायला उठली की वन्संसुद्धा पोळपाट सोडून मान वर करून बघायच्या, आणि मी बघितलं की लगेच खाली घालायच्या. पाचव्या दिवशी तिनं बाहीनं नाक पुसलं आणि वन्सं तिला रागवायचं विसरल्या. आठव्या दिवशी दुधाचा पेला सरकवून म्हणाली, “नको. साय आहे.” वन्संनी मुकाट्यानं दूध गाळून आणलं. स्वयंपाकघरात त्यांनी पदरानं डोळे पुसलेले मी पाहिले, पण त्यांना तसं कधी दाखवलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी दारात चपला घालत होते. एक पायात चढली होती. ती आतून येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“आई, त्या दिवशी तू म्हणालीस मी घरी येणार नाही.”

मी म्हटलं, मस्करी केली होती, चुकलं माझं.

“मग आलीस कशाला?”

“मला यायचंच होतं म्हणून.”

ती विचार करत राहिली. तिचं कपाळ आक्रसलेलं होतं. ते आक्रसलेलं कपाळ मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं.

“मला ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं आता रडू येईल. पण आलंच नाही. मी खिडकी लावली आणि रडू यायची वाट बघत बसले.”

मी तशीच, एका पायात चप्पल, उंबऱ्यावर बसले. म्हटलं, “आता येतंय का?”

“हो,” ती म्हणाली, आणि तिनं भोकाडच पसरलं. असं की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. वन्सं हात पुसत धावत आल्या आणि माझ्यावरच उखडल्या, सकाळी सकाळी पोरीला रडवायला तुला काही कामधंदा नाही का. टकळी रडता रडता त्यांना म्हणाली, “तू मध्ये बोलू नकोस आत्या, मी तिच्याशी बोलतेय.” वन्सं तोंड उघडं ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मग वन्संनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

त्यानंतर तिनं विचारायला सुरुवात केली. परत येशील ना. येणार नाही असं पुन्हा म्हणशील का. म्हणालीस तर ते खरं की मस्करी, हे मला कसं कळणार. आधीचं ठरलेलं उत्तर ह्याला पुरत नव्हतं, मला दर वेळी विचार करून नवं काहीतरी सांगावं लागत होतं. दारात पाच वेळा, जिन्यात चार वेळा. हा खरं की मस्करीचा प्रश्न पुढे कित्येक महिने आमच्या घरी राहिला. तो मीच तिला दिला होता, दुसऱ्या कुणी नाही. त्या सकाळी मात्र मी प्रत्येक वेळी वर मान करून उत्तर देत होते आणि ती कठड्यावरून वाकून, नाक ओढत, पुढचं विचारत होती.

मी कामावर पाऊण तास उशिरा पोचले. मुख्य बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, मुलगी फार रडत होती. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, कारण सांगायचं तर निदान हसणं तरी आवरावं.